नॉर्मा पिलिंगचा हिरवा स्वेटर

नॉर्मा पिलिंगने पंचवीस वर्षं एकच स्वेटर विणला, आणि तोही पगार घेऊन. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा करायचा माझा स्वभाव आहेच, पण ही गोष्ट खरी आहे.

इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या अलीकडे एक जुनी सूतगिरणी आहे. तिच्या आवारात आमच्या ‘वीव्हर्स रो’ मालिकेचं चित्रीकरण चालतं. गल्ली खोटी, पब खोटा, पबमधली बिअरही खोटी. मी जॉयस, तिथली एक्स्ट्रा. माझं काम बसथांब्यावर उभं राहायचं. नॉर्मा लागली त्याच्या दोन वर्षांनी मी लागले, आणि तेव्हापासून बसची वाट बघतेय. बस अजून आलेली नाही. माझ्यासमोर रस्त्यापलीकडे एडा डक्सबरीचं लोकरीचं दुकान, आणि त्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीत नॉर्मा. कागदोपत्री तिचं नाव ‘गिऱ्हाईक एक’. दोन नंबरचं गिऱ्हाईक कधी आलंच नाही.

लागली तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून आली. कोणीतरी तिच्या हातात सुया आणि बाटलीहिरवी लोकर दिली नि सांगितलं, बसा, विणा, कॅमेऱ्याकडे बघू नका. नॉर्माने पुरुषाच्या मापाचा स्वेटर धरला. नवरा वॉल्टर घरी होता, त्याचं माप हाताला पाठ होतं. संध्याकाळी घरी जाऊन तिने त्याला सांगूनही टाकलं की संपला की हा तुझा.

पण आमच्याकडे प्रसंग ओळीने चित्रित होत नाहीत. आज सकाळी लग्न, दुपारी त्याच लग्नाच्या आधीचं भांडण. त्यामुळे दुकानातला स्वेटर वाढून चालत नाही. सकाळी डावी बाही कोपरापर्यंत असेल तर दुपारीही ती तिथेच पाहिजे. एक पोरगी टेप घेऊन यायची, बाही मोजायची आणि जास्तीच्या ओळी उसवायला लावायची. नॉर्मा मुकाट्याने उसवायची. विणायचं, उसवायचं, परत विणायचं. लोकर झिजून तुटायला आली की नवी लोकर यायची आणि नॉर्मा तोच स्वेटर त्याच डाव्या बाहीच्या कोपरापर्यंत पुन्हा विणून काढायची. मी असते तर सुया कोणाच्या तरी डोळ्यांत खुपसल्या असत्या.

वॉल्टर स्वेटरची वाट बघत बघत गेला. कारखान्यात फुफ्फुसं खराब झाली होती त्याची. नॉर्मा अंत्यविधीनंतरच्या सोमवारी कामावर आली, बसली आणि तीच बाही विणायला घेतली. मी कॅन्टीनमध्ये म्हटलं, अगं, निदान माप तरी बदल आता. ती म्हणाली, माप बदललं तर ती टेपवाली ओरडेल.

लोकांना मात्र तो स्वेटर माहीत होता. रॉचडेलच्या बाजारात नॉर्मा बटाटे घ्यायला गेली की मासेवाला हाक मारायचा, झाला का गं विणून? बसमध्ये अनोळखी बाया खांद्यावर हात ठेवून विचारायच्या, कोणासाठी आहे सांग ना. मालिकेत तिला नाव नव्हतं, तोंड उघडायची मुभा नव्हती. एक्स्ट्रा एक शब्द जरी बोलला तरी करार बदलतो, दर बदलतो, कचेरीत वीस माणसांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही सगळे पडद्यावर मुके. पबमधले तर नुसते ओठ हलवतात.

आता एडाबद्दल. एडा डक्सबरी म्हणजे त्या दुकानाची मालकीण, आणि खरं सांगायचं तर सगळ्या मालिकेची. तिने पडद्यावर दोन नवरे पुरले, दुकानात घुसलेलं पुराचं पाणी बादलीने उपसलं, गल्लीतल्या प्रत्येकाचं लफडं लोकर तोलता तोलता सगळ्यांत आधी ओळखलं. तिचं काम करायच्या रोझलिंडबाई. वयाची ऐंशी उलटलेली, पाठ ताठ, जीभ धारदार. मोठे नट आमच्याशी फारसं बोलत नाहीत, बाईही बोलायच्या नाहीत. पण आपल्या चहाबरोबर नॉर्माला एक चहा आला नाही तर त्या कामाला हात लावत नसत. पंचवीस वर्षांत दोघींचं बोलणं एवढंच, बाई विचारायच्या, साखर? आणि नॉर्मा मान हलवायची.

बाई विसरायला लागल्या हे सगळ्यांत आधी नॉर्माला कळलं. कळणारच, एवढ्या जवळ दुसरं कोण बसत होतं? वाक्याच्या मध्येच बाई थांबायच्या, आणि हात लोकरीवर असायचा तो तिथेच राहायचा. तसं झालं की नॉर्माच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली पडायचा. घरंगळत कॅमेऱ्यासमोर जायचा. काम थांबायचं, सगळे नॉर्मावर वैतागायचे, तेवढ्यात कोणीतरी बाईंच्या कानात वाक्य सांगायचं आणि गाडी पुढे जायची. पुढेपुढे गुंडा आठवड्याला पडायचा, मग रोज. नॉर्माचे हात गेले, असं कॅन्टीनमध्ये बोललं जायला लागलं. बसथांब्यावरून मला स्वच्छ दिसायचं की गुंडा पडत नाही, टाकला जातो. काही गोष्टी आपण पाहिल्या नाहीत असंच वागायचं असतं.

मग नोव्हेंबरात नॉर्माला छातीचा आजार झाला आणि ती आठवडाभर अंथरुणात पडली. त्या आठवड्यात गुंडा पडला नाही. बाई एकाच वाक्यापाशी सारख्या अडकल्या, नंतर समोरच्या नटाला दुसऱ्याच नावाने हाक मारायला लागल्या, आणि शेवटी दुकानाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, हे कोणाचं दुकान आहे?

तिथून सगळं भराभर झालं. निर्माता डंकन, चांगला पोरगा, फक्त बूट फार चकचकीत घालतो, त्याने बाईंच्या पुतणीशी बोलणं केलं. ठरलं असं की एडा समुद्रकाठी लँडुडनोला बहिणीकडे गेलेली असेल. तिथे झोपेत जाईल. तिच्या नातीला फोन येईल, नात रडेल, संपलं. बाईंना स्टुडिओत यायची गरज नाही.

आमच्या धंद्यात याला फोनवरचा मृत्यू म्हणतात. भांडून सोडून गेलेल्या नटांना तो देतात, नाहीतर पैसे वाढवून मागणाऱ्यांना. एडा डक्सबरीला तो मिळावा याने पबातले मुकेसुद्धा बोलायला लागले.

नॉर्मा आजारातून उठली ती थेट बाईंच्या घरी गेली, जाताना मनुका भरलेले एक्लस केक घेऊन. मला जबरदस्तीने बरोबर नेलं. त्या दिवशी बाई भानावर होत्या, म्हणजे अगदी नको इतक्या.

“मी त्या दुकानात पाणी उपसलंय,” त्या म्हणाल्या. “दोन नवरे तिथून काढलेत. आणि मला हे लोक फोनवर मारणार? लँडुडनोला? मला लँडुडनो आवडतसुद्धा नाही.”

मी हसले. नॉर्मा हसली नाही. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आला. “मला माझ्या दुकानात मरायचंय गं. एडाला, म्हणजे. मला वाक्यं राहत नाहीत, ते खरं आहे. पण तिचा काय दोष?”

परतीच्या बसमध्ये नॉर्मा खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, बाईंनी आज बोलता बोलता केकच्या डब्याची सुतळी सोडवली, पाहिलंस का तू? गाठ न बघता सोडवली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. कॅन्टीनमध्ये मटण भरलेली पेस्ट्री आणि लाल कोबीचं लोणचं. डंकन पेस्ट्री खात होता. नॉर्मा आपला ट्रे घेऊन त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती कधी निर्मात्याच्या टेबलाशी गेली नव्हती. मी मागे होते, म्हणजे पळून येईल तर धरायला कोणीतरी हवं.

“एडाला दुकानात मरू द्या,” नॉर्मा म्हणाली.

डंकनने काटा खाली ठेवला. तो वाईट नव्हता, हे मी आधीच म्हटलंय. त्याने शांतपणे समजावलं की बाई वाक्यं बोलू शकत नाहीत, चाळीस माणसं ताटकळत उभी राहतील, बाईंची सगळ्यांदेखत फजिती होईल, आणि ती फजिती त्याला स्वतःला बघवणार नाही.

“मग त्यांना बोलायला लावू नका. हातांना काम द्या. हात विसरलेले नाहीत त्यांचे.”

“कसलं काम?”

नॉर्माने ट्रे टेबलावर ठेवला. “माझा स्वेटर संपवू दे त्यांना. मी पंचवीस वर्षं शेवटच्या बाहीवर अडलेय. एडा माझ्या हातातून घेते, शेवटचे टाके बंद करते, आणि खुर्चीतच जाते. एक शब्द नको.”

डंकनने काटा परत उचलला. मग म्हणाला की विचार चांगला आहे, पण लोक विचारतील ही बाई कोण, हिला तर कोणी ओळखतही नाही. तिथे मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, बर्नलीला तुझी आई राहते ना, तिला फोन करून विचार. त्याचा चेहरा पडला. नंतर कळलं की त्याची आई दर नाताळात जेवायला बसल्यावर पहिला प्रश्न तोच विचारते, त्या बाईचा स्वेटर झाला का.

त्याने एक सकाळ दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर लँडुडनो. नॉर्माने रात्री जागून बाही कोपरापासून मनगटापर्यंत विणून ठेवली, आणि या वेळी ती कोणी उसवायला लावली नाही.

त्या सकाळी मी माझ्या थांब्यावर होते. थंडी मरणाची. दुकानाच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं, आणि दार कॅमेऱ्यासाठी उघडं ठेवलेलं असल्याने ऐकूही येत होतं. पबातले सगळे मुके आपापले ग्लास सोडून माझ्या मागे येऊन उभे होते. थांब्यावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. बस आली असती तर सगळे मावले नसते.

बाईंना एडाचा निळा झगा घालून पुतणी घेऊन आली. त्यांनी दुकानाकडे बघितलं, आणि ओळख पटली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. दिग्दर्शिकेने हळू आवाजात सांगितलं, दारावरची पाटी ‘बंद’कडे उलटी करायची, खुर्चीत बसायचं, स्वेटर घ्यायचा. एवढंच.

पहिल्या वेळी बाईंनी पाटी उलटी केली आणि तिथेच थांबल्या. पाटीला हात लावून उभ्या. 

नॉर्माच्या मांडीवरचा गुंडा खाली पडला आणि घरंगळत कॅमेऱ्याच्या पायाशी गेला.

एकही माणूस तिच्यावर वैतागला नाही. वर्षभर तिला बोलणारा कॅमेरावाला स्वतः वाकला, गुंडा उचलला, पुसला आणि तिच्या हातात दिला. सॉरी नॉर्मा, असं काहीतरी पुटपुटला. टेपवाली नाक पुसत होती. परत करू, दिग्दर्शिका म्हणाली.

दुसऱ्या वेळी बाई पाटीपासून वळल्या, खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. नॉर्माने सुयांसकट स्वेटर त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी तो उलटा करून बघितला, एखादी बाई दुसरीचं विणकाम बघते तसा, जरा नाक मुरडून. मग अंगठ्याने लोकर ताणली आणि टाके बंद करायला घेतले. एक टाका दुसऱ्यावरून ओढायचा, सोडायचा. पुढचा. त्यांचे डोळे खिडकीबाहेर होते आणि हात आपलं काम करत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण मागे कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचा टाका आला. बाईंनी लोकर तोडली, टोक आत ओवलं आणि स्वेटर मांडीवर पसरला.

आता डोळे मिटायचे होते. बाईंनी मिटले नाहीत. मान वळवून त्यांनी नॉर्माकडे बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या,

“इतकी वर्षं येतेस दुकानात. नाव विचारायचं राहिलंच बघ. काय नाव तुझं?”

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. एडा विचारत होती की रोझलिंडबाई खरंच विसरल्या होत्या, हे मला आजही सांगता येत नाही, आणि नॉर्मालाही तेव्हा कळलं नाही. तिने दिग्दर्शिकेकडे बघितलं. दिग्दर्शिका हलली नाही. बाहेर डंकन आपल्या चकचकीत बुटांकडे बघत होता. त्यानेही हात वर केला नाही.

“नॉर्मा,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने परत म्हणाली, “नॉर्मा.”

“आणि हा कोणाचा, नॉर्मा?”

“वॉल्टरचा होता.”

“थांबला असेल बिचारा.”

“खूप थांबला.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि हाताने स्वेटर सारखा केला. “झाला एकदाचा.”

त्यांनी डोळे मिटले. नॉर्माने गुपचूप निघून जायचं, असं ठरलं होतं. ती गेली नाही. तिने स्वेटर उचलला, बाईंच्या खांद्यांवर पांघरला आणि शेजारी बसून राहिली. तिच्या हातात पहिल्यांदाच काही नव्हतं. मी रडले. कॅमेऱ्यात माझं रडणं दिसणार होतं, आणि एडाची बातमी कळायच्या आधीच बसथांब्यावरची बाई कशी रडते हे कोणी विचारलं असतं, पण मला फिकीर नव्हती.

कोणी ‘कट’ म्हणेचना. शेवटी बाईंनीच एक डोळा उघडला.

“मेले ना मी?” त्यांनी विचारलं. “की अजून आहे?”

हसू आणि टाळ्यांनी आवार दणाणलं. जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ होता.

नॉर्मा बोलल्यामुळे कचेरीत व्हायचा तो गोंधळ झालाच. ‘गिऱ्हाईक एक’ला नाव द्यावं लागलं. नाव दिलं म्हटल्यावर लेखकांनी विचार केला की दुकान तरी कशाला बंद करायचं. आता एडाच्या मागे गल्ल्यावर नॉर्मा बसते आणि अधूनमधून दोन वाक्यं बोलते. पहिल्यांदा बोलायचं होतं तेव्हा रात्रभर झोपली नव्हती. आता मात्र टेपवालीलाच दटावते. परवा तर मला खिडकीतून हाक मारली, बसची वाट किती बघशील, आत ये, चहा घे. ते पडद्यावरही दाखवलं.

एडा गेली तो भाग लागला त्या संध्याकाळी रॉचडेलच्या बाजारातल्या मासेवाल्याने दुकान लवकर बंद केलं. नॉर्माच्या दाराशी कोणी कोणी फुलं ठेवून गेलं, एडासाठी की स्वेटरसाठी, कोण जाणे. आम्ही दोघी तेव्हा बाईंच्या घरी होतो. अंत्यविधीनंतर करतात तशी नॉर्माने हॅम सँडविच केली होती, एडाला तेवढं तरी हवं म्हणून. बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या, अंगात तो हिरवा स्वेटर. पुरुषी मापाचा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. घरी आल्यापासून काढायलाच तयार नाहीत, असं पुतणी म्हणाली.

बाईंनी सगळा भाग मन लावून बघितला. शेवट आला तेव्हा सँडविच हातातच राहिलं.

“छान गेली ही बाई,” त्या म्हणाल्या. “आपल्या माणसांत गेली.”

नॉर्माने नुसता बाईंच्या बाहीचा काठ दुमडून मनगटावर नीट बसवला.

मग नावं वर सरकायला लागली. संगीत नव्हतं त्या दिवशी, नुसती नावं. आधी एडा डक्सबरी, तिच्यासमोर बाईंचं नाव. त्याकडे बाईंनी लक्षही दिलं नाही. त्याच्या खाली एक नवीन ओळ आली आणि बाई पुढे वाकल्या. बोट वर करून त्यांनी अक्षरं लावली.

“नॉर्मा... नॉर्मा पिलिंग.” त्या आमच्याकडे वळल्या. चेहरा उजळलेला. “हिला मी ओळखते. ही माझ्या दुकानात येते.”

“हो,” नॉर्मा म्हणाली, “येते ती,” आणि चहाचं पाणी ठेवायला उठली.